इंग्रजी जिभेला अडणारी फ्रेंच

तेराव्या शतकात इंग्लंडमध्ये वॉल्टर ऑफ बिब्सवर्थ नावाचा एक सरदार होता. एका जमीनदार घराण्यातल्या मुलांना फ्रेंच यावी म्हणून त्याने एक पद्यमय पाठ्यपुस्तक रचले. त्या काळी इंग्लंडात जमीनजुमल्याचा कारभार आणि वरच्या वर्गाचे बोलणे फ्रेंचमध्ये चाले, पण पोरांच्या कानावर पहिल्यापासून पडे ती इंग्रजी. बिब्सवर्थने आपल्या पुस्तकात चार शब्द शेजारी शेजारी मांडले: ओठ, ससा, पौंड आणि पुस्तक. त्या काळच्या फ्रेंचमध्ये हे चारही शब्द कानाला जवळजवळ सारखे. ओठ आणि पौंड स्त्रीलिंगी, ससा आणि पुस्तक पुल्लिंगी. आजच्या उच्चारात सांगायचे तर ओठ 'ला लेव्र', ससा 'ल लिएव्र', पौंड 'ला लिव्र' आणि पुस्तक 'ल लिव्र'. 'ल'च्या जागी 'ला' गेले की वाचायला मागितलेले पुस्तक तराजूत जाऊन बसते.

या गोष्टीला सातशेहून अधिक वर्षे झाली. लंडन, टोरोंटो किंवा मेलबर्नच्या वर्गात बसलेला विद्यार्थी आजही त्याच ठिकाणी अडखळतो.

हे नवलाचे आहे, कारण कागदावर पाहिले तर इंग्रजी माणसाला फ्रेंच अवघड जाण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांसाठी जगातल्या भाषांची प्रतवारी करते, त्यात फ्रेंच सर्वांत सोप्या गटात येते. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि पुढची तीनेकशे वर्षे फ्रेंच ही सत्तेची भाषा राहिली. न्याय, कर, सैन्य, स्वयंपाक, पोशाख अशा प्रत्येक दालनात फ्रेंच शब्द शिरले. गोठ्यातली गाय इंग्रजी राहिली आणि ताटातले तिचे मांस 'बीफ' झाले, म्हणजे फ्रेंच 'बफ'. मेंढी आणि मटण, डुक्कर आणि पोर्क यांचेही तेच. शब्द असे हजारोंनी आले. व्याकरण मात्र आले नाही, आणि नेमक्या त्याच काळात इंग्रजी आपले स्वतःचे व्याकरणही झपाट्याने सोडून देत होती.

फ्रेंचमधल्या ज्या गोष्टी इंग्रजी माणसाला विचित्र वाटतात, त्यांतल्या बऱ्याचशा एके काळी इंग्रजीच्याच घरात होत्या. जुन्या इंग्रजीत तीन लिंगे होती, मराठीसारखी. तीत सूर्य स्त्रीलिंगी होता, चंद्र पुल्लिंगी. आणि बाईसाठी वापरला जाणारा 'वीफ' हा शब्द, ज्यापासून आजचा 'वाइफ' आला, चक्क नपुंसकलिंगी होता. पुढच्या काळात एकट्या माणसाशी बोलताना 'दाऊ' आणि 'यू' असा तू-तुम्हीचा भेदही होता. 'तो आला आहे' म्हणताना 'असणे' हे सहायक क्रियापद येत असे. इच्छा आणि शंका दाखवणारी क्रियापदाची वेगळी रूपे होती. हे सारे गळून गेले. फ्रेंच शिकणाऱ्या इंग्रजी मुलाला आपल्याच पूर्वजांनी टाकून दिलेले सामान परक्याच्या घरात पुन्हा भेटते, आणि ते आपले होते हे त्याला कुणी सांगत नाही.

फ्रेंच व्याकरणाचा जन्मही या अडखळण्याशी जोडलेला आहे. १५३० मध्ये जॉन पाल्सग्रेव्ह या इंग्रज शिक्षकाने फ्रेंच भाषेचे प्रचंड व्याकरण छापले. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याची बहीण मेरी फ्रान्सच्या बाराव्या लुईशी लग्न करून गेली, ती पाल्सग्रेव्हची शिष्या. फ्रान्समध्ये छापलेले फ्रेंचचे पहिले व्याकरण त्यानंतर, १५३१ मध्ये आले, आणि तेही लॅटिनमध्ये लिहिलेले. फ्रेंच माणसाला नियमांची गरज भासण्याआधी इंग्रजाला ती भासली होती. फ्रान्सचा मंत्री रिशेलिए याने भाषेचे नियम ठरवण्यासाठी फ्रेंच अकादमी स्थापन केली ती तर १६३५ मध्ये.

लिंगाचा प्रश्न सर्वांत जुना आणि सर्वांत चिवट. इंग्रजी भाषकाच्या मनात लिंग वस्तूला असते, शब्दाला नसते. 'ला ताब्ल' ऐकले की तो विचारतो, टेबलात बायकी काय आहे? मराठी माणसाला हा प्रश्न पडत नाही. भिंत ती, दरवाजा तो, घर ते. यात कुणी भिंतीचे बाईपण शोधत बसत नाही. इंग्रजीतून शब्द आले तेव्हा कुठली समिती बसली नव्हती, तरी बस 'ती' झाली, ट्रक 'तो' झाला, टेबल 'ते' झाले. फ्रेंचमध्येही हेच चालते. वीकेंड आणि पार्किंग पुल्लिंगी झाले. 'स्तार' मात्र स्त्रीलिंगी, मग तो नट पुरुष का असेना. 'जॉब' हा शब्द फ्रान्समध्ये पुल्लिंगी आहे आणि क्वेबेकच्या बोलण्यात स्त्रीलिंगी. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा लोक 'ल कोविद' म्हणू लागले होते. मे महिन्यात अकादमीने सांगितले की मूळ शब्द 'रोग' या अर्थाचा असल्याने 'ला कोविद' म्हणावे. लोकांनी दोन्ही चालू ठेवले.

शिवाय लिंग पूर्णपणे मनमानी नसते, आणि ही गोष्ट वर्गात पुरेशी सांगितली जात नाही. 'सियों'ने संपणारे 'नासियों', 'स्तासियों' हे शब्द स्त्रीलिंगी. 'आज'ने संपणारे 'व्हिलाज', 'गाराज', 'फ्रोमाज' पुल्लिंगी; पण 'प्लाज' म्हणजे समुद्रकिनारा, 'इमाज' म्हणजे प्रतिमा, 'पाज' म्हणजे पान, हे अपवाद. 'म्यूझे' म्हणजे संग्रहालय हा शब्द लिहिताना स्त्रीलिंगी दिसतो, असतो पुल्लिंगी. 'व्हिक्तीम' आणि 'पेरसोन' हे शब्द पुरुषाबद्दल बोलतानाही स्त्रीलिंगीच राहतात. शब्दाच्या शेवटाकडे लक्ष देणारा विद्यार्थी अर्धी लढाई जिंकतो, आणि नाम पाठ करताना 'ल' किंवा 'ला' सोडून कधीच पाठ न करणारा उरलेली.

एक लिंग चुकले की चूक तिथेच थांबत नाही. 'पांढरे छोटे घर' म्हणताना 'मेझों' स्त्रीलिंगी म्हणून छोटेपणाही 'प्तित' होतो आणि पांढरेपणाही 'ब्लाँश'. त्यातच विशेषणाची जागा बदलते: 'छोटे' नामाच्या आधी, 'पांढरे' नंतर. काही विशेषणे तर जागा बदलली की अर्थ बदलतात. 'पोव्र' नामाआधी आला तर तो बिचारा माणूस, नंतर आला तर गरीब माणूस. 'प्रोप्र' आधी असेल तर माझी स्वतःची खोली, नंतर असेल तर माझी स्वच्छ खोली.

इंग्रजी सवय सर्वांत उघडी पडते ती स्वामित्वदर्शक शब्दात. 'तिचे वडील' म्हणायचे असते. इंग्रजी डोके 'ती' पकडते, स्त्रीलिंगी 'सा' उचलते आणि 'सा पेर' म्हणते. पण फ्रेंचला मालकाशी घेणे नाही, मालकीच्या गोष्टीशी आहे. वडील पुल्लिंगी, म्हणून 'सों पेर', मग ते तिचे असोत वा त्याचे. आई 'सा मेर', मग ती कुणाचीही असो. मराठी दोन्ही सांगते: 'तिचे' आणि 'त्याची' यांत मालकही दिसतो आणि शेवटच्या स्वरात वडील-आईही दिसतात. मराठी मुलाला यातले निम्मे आधीच येत असते. पण वर्गात त्याला समजावले जाते ते इंग्रजी 'हिज' आणि 'हर' घेऊन, आणि मग तो इंग्रजांचीच चूक इमानाने करतो.

हेच या प्रस्तावनेचे सांगणे आहे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, पुण्यामुंबईत आलियाँस फ्राँसेझ आहे, कनिष्ठ महाविद्यालयांत अकरावी-बारावीला फ्रेंच घेणारी मुले पुष्कळ. या वर्गांत नियम उलगडून सांगायची वेळ आली की बहुधा इंग्रजी पुढे येते. इंग्रजीला जे नाही ते 'कठीण' म्हणून सांगितले जाते, आणि ज्या मुलाच्या मातृभाषेत ते आहे तोही घाबरतो. ही भीती उसनी आहे.

'त्यू' (तू) आणि 'व्हू' (तुम्ही) घ्या. इंग्रजी पाठ्यपुस्तके यावर पानेच्या पाने खर्च करतात: कुणाला कधी काय म्हणावे, चूक झाली तर काय. कारण इंग्रजीत 'दाऊ' कधीच मावळला. फ्रेंचमध्ये यासाठी स्वतंत्र क्रियापदे आहेत, 'त्यूत्वाये' आणि 'व्हूव्वाये'. इंग्रजीत त्यांना सरळ शब्द नाही. मराठीत ते तयार आहेत: अरेतुरे करणे आणि अहोजाहो करणे. एकट्या माणसाला मान देताना अनेकवचनी क्रियापद वापरायचे, हेही मराठीने शिकवून ठेवले आहे. जाँ-पोल सार्त्र आणि सिमोन द बोव्हुआर ही लेखकांची जोडी आयुष्यभर एकमेकांना 'व्हू' म्हणत राहिली, हे ऐकून इंग्रजी वाचक बुचकळ्यात पडतो. ज्या घरात आजी आजोबांना 'अहो' म्हणत आली, तिथल्या वाचकाला त्यातली जवळीक आणि अंतर दोन्ही कळतात. १७९३ मध्ये फ्रेंच क्रांतिकारकांनी सर्वांनी सर्वांना 'त्यू' म्हणावे असा आग्रह धरला होता. तो टिकला नाही.

भूतकाळात प्रकरण अधिक रंगते. इंग्रजीत 'आम्ही गेलो' आणि 'आम्ही जायचो' या दोन्हींसाठी 'वुई वेंट' चालते. फ्रेंचला दोन वेगळे काळ लागतात. घडून संपलेल्या घटनेसाठी 'पासे कोंपोझे'. चालू असलेल्या किंवा वारंवार घडणाऱ्या गोष्टीसाठी 'अँपारफे'. पाऊस पडत होता, तेवढ्यात मी बाहेर पडलो: पाऊस अँपारफेत, बाहेर पडणे पासे कोंपोझेत. लहानपणी आम्ही नदीवर जायचो: अँपारफे. त्या दिवशी आम्ही नदीवर गेलो: पासे कोंपोझे. इंग्रजी वर्गात हे 'पार्श्वभूमी' आणि 'घटना' अशा आकृत्या काढून समजवावे लागते. 'जायचो' आणि 'गेलो' यांतला फरक ज्याला बोलता बोलता कळतो, त्याला आकृती कशाला? दोन्ही भाषांच्या सीमा तंतोतंत जुळत नाहीत हे खरे, पण दिशा तीच आहे.

कथाकादंबऱ्यांसाठी फ्रेंचने आणखी एक काळ राखला आहे, 'पासे सँप्ल', जो रोजच्या बोलण्यात येत नाही. आल्बेर काम्यूने १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'लेत्राँझे' (म्हणजे 'परका') या कादंबरीत निवेदन मुख्यतः पासे कोंपोझेत केले. बोलण्यातला काळ कादंबरीत आल्याने प्रत्येक वाक्य सुटे, एकटे उभे राहिल्यासारखे वाटते, आणि त्या नायकाचे परकेपण निम्मे तिथून येते. इंग्रजी अनुवादकाकडे भूतकाळाचे एकच साधे रूप. काम्यूची ही निवड त्यात दिसू शकत नाही. व्याकरण शिकणे म्हणजे परीक्षेपुरते काम, असे मानणाऱ्याने हे एक उदाहरण जवळ ठेवावे.

पासे कोंपोझे बनवताना सहायक क्रियापद लागते, बहुतेकदा 'आव्वार', म्हणजे जवळ असणे. पण जाणे, येणे, निघणे, पोहोचणे, पडणे, राहणे, जन्मणे, मरणे अशा मोजक्या क्रियापदांना 'एत्र', म्हणजे असणे, लागते आणि मग कृदंत कर्त्याप्रमाणे बदलते. इंग्रजी शाळांत ही यादी 'डॉक्टर अँड मिसेस व्हँडरट्रॅम्प' या बनावट नावाच्या अक्षरांवरून पाठ करून घेतात. मुलांना नाव आठवते, कारण कळत नाही. मराठीत 'ती गेली', 'ती आली', 'ती पडली', 'ती मेली' हा कर्तरी प्रयोग: क्रियापद कर्त्याचे ऐकते. 'तिने आंबा खाल्ला', 'त्याने पोळी खाल्ली' हा कर्मणी: क्रियापद कर्माचे ऐकते. फ्रेंचमध्येही एत्रचे कृदंत कर्त्याचे ऐकते, आणि आव्वारचे कृदंत कर्माचे, फक्त कर्म आधी येऊन गेलेले असले पाहिजे. 'मी खाल्लेले सफरचंद' म्हणताना सफरचंद 'पोम' स्त्रीलिंगी, ते आधी आले, म्हणून 'माँजे'च्या शेवटी लिहिताना स्त्रीलिंगाचे एक अक्षर वाढते. हा नियम सोळाव्या शतकातला कवी क्लेमाँ मारो याने इटालियनचा दाखला देत आपल्या शिष्यांना पद्यात सांगितला होता. त्यावर आजही फ्रेंच लोक स्वतः चुकतात.

एकच क्रियापद दोन्ही बाजूंना कसे जाते, हेही पाहण्यासारखे. 'सोर्तीर' एकटे आले तर मी बाहेर पडलो, तिथे एत्र. त्याला कर्म मिळाले, मी कुत्र्याला बाहेर नेले, की लगेच आव्वार. 'पडलो' आणि 'नेले' या रूपांत मराठी तोच सांधा बदलते. हा ताळा सर्वत्र लागत नाही, हेही सांगायला हवे. 'तो धावला', 'तो झोपला' ही मराठीत कर्तरी, पण फ्रेंचमध्ये त्यांना आव्वारच लागते. तरीही सांधा कुठे आहे हे समजलेल्या मुलाला यादी लहान वाटते.

'स्यूबजोंक्तिफ' या नावाने इंग्रजी विद्यार्थ्याला कापरे भरते. 'तू यावंस असं मला वाटतं' हे इंग्रजीत 'आय वाँट यू टू कम' असे होते. तेच शब्द फ्रेंचमध्ये नेले की मोडके वाक्य हाती येते. फ्रेंचला हवे असते 'की तू यावंस', आणि तिथे क्रियापदाचे वेगळे रूप: 'त्यू व्हिएँ' म्हणजे तू येतोस, 'क त्यू व्हिएन' म्हणजे तू यावंस. शाळेत विध्यर्थ म्हणून शिकलेले '-आवा' हे रूप इथे अगदी सोबत चालते. इच्छा, गरज, भीती, शंका. यांच्यामागे फ्रेंच ते रूप मागते. 'आशा करणे' याच्यामागे मात्र मागत नाही, आणि ते पाठच करावे लागते.

काही गाठी तर एका वाक्यात सुटतात. 'मी दहा वर्षांपासून इथे राहतो' याला फ्रेंच वर्तमानकाळ वापरते, मराठीसारखाच. इंग्रजी माणूस 'हॅव लिव्ड'च्या ओढीने भूतकाळात जातो आणि ऐकणाऱ्याला वाटते, हा आता इथे राहत नाही. 'मला भूक आहे', 'मला वीस वर्षे आहेत' अशा धर्तीवर फ्रेंच भूक आणि वय 'आव्वार'ने सांगते, इंग्रजी 'मी आहे' म्हणते. 'मला तुझी आठवण येते' हे 'त्यू म माँक', शब्दशः 'तू मला उणा पडतोस'. इंग्रजी क्रमाने 'ज त माँक' म्हटले की अर्थ उलटतो, आणि प्रेमपत्रात समोरच्यालाच आपली आठवण येते असे लिहून जाते. ओळखणे आणि माहीत असणे यांसाठी फ्रेंचला 'कोनेत्र' आणि 'साव्वार' लागतात. इंग्रजीत दोन्हींना 'नो'.

नकारातला 'पा' मुळात पाऊल आहे. 'मी पाऊलभरही चालत नाही' असे म्हणता म्हणता पाऊल झिजून नुसता नकार उरला. जुन्या फ्रेंचमध्ये चुरा आणि थेंब हेही शब्द असेच नकारात येत, आपल्या तसूभर आणि तिळभरसारखे. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सनने १९१७ मध्ये ही प्रक्रिया अनेक भाषांत दाखवून दिली. आज बोलताना फ्रेंच लोक मूळचा 'न' गाळतात आणि एकट्या पावलावर नकार उभा राहतो.

मराठी सगळीकडे हात देत नाही. उपपदे ही तिची उणी बाजू. 'मला कॉफी आवडते' आणि 'मी कॉफी पितो' यांत मराठी कॉफीला हात लावत नाही, इंग्रजीही नाही. फ्रेंचमध्ये आवडते ती सगळी कॉफी, 'ल काफे'. पितो तो तिचा काही भाग, 'द्यू काफे'. आणि पीत नसलो तर 'द काफे'. इथे इंग्रज आणि मराठी एकाच खड्ड्यात पडतात, आणि बाहेर येण्याचा मार्गही एकच, भरपूर बोलणे. तोच उपाय न ऐकू येणाऱ्या अक्षरांना. 'तो बोलतो' आणि 'ते बोलतात' यांत फ्रेंच क्रियापद लिहिताना वेगळे, उच्चारताना 'पार्ल'च.

बोलण्यावर भर का, याचा पुरावा कॅनडात आहे. १९६५ मध्ये माँट्रियलजवळच्या सेंट-लँबर्ट गावात इंग्रजी घरांतल्या पालकांच्या आग्रहाने बालवाडीपासून फ्रेंचमधूनच शिकवणारा वर्ग सुरू झाला, आणि ही पद्धत पुढे देशभर पसरली. मुले फ्रेंच उत्तम समजू लागली. पण वर्षानुवर्षे फ्रेंचमध्ये गणित आणि भूगोल शिकूनही त्यांच्या बोलण्यात लिंगाच्या आणि काळांच्या चुका राहिल्या. टोरोंटोच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडले की ऐकून समजणे पुरत नाही. स्वतः वाक्य घडवावे लागते, घडवताना अडावे लागते, तेव्हा व्याकरण लक्षात येते.

पुढील प्रकरणे या क्रमाने आहेत: लिंग, उपपदे, सर्वनामे, भूतकाळ, इच्छार्थी रूपे. प्रत्येक प्रकरणात इंग्रजी भाषक कुठे आणि का चुकतो ते आधी सांगितले आहे, कारण बहुतेक पुस्तके त्याच्यासाठीच लिहिलेली आहेत. वाचकाला एक विनंती. फ्रेंच उदाहरण समोर आले की इंग्रजी अर्थ वाचण्याआधी ते मनातल्या मनात मराठीत म्हणून पाहा, आणि मग मोठ्याने फ्रेंचमध्ये. जिथे मराठी जुळेल तिथे समासात खूण करा. जिथे जुळणार नाही तिथे दुसऱ्या रंगाने. दुसऱ्या रंगाच्या खुणा म्हणजे तुमचा खरा अभ्यासक्रम.